पंपस्टार्टरचा बोर्ड: भोसरीच्या एसएमटी लाइनवरच्या २६ दिवसांच्या नोंदी

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉबवर्क युनिटमध्ये एसएमटी लाइनवर, म्हणजे सर्किट बोर्डावर बारीक पार्ट ठेवून सोल्डर करणाऱ्या लाइनवर, ऑपरेटर आहे. ११ वर्षं झाली. लाइन छोटी आहे: सोल्डरची पेस्ट छापणारा, हातानं पॅनेल लावायचा प्रिंटर, पार्ट ठेवणारं एक प्लेसमेंट मशीन, पेस्ट वितळवणारा आठ झोनचा रीफ्लो ओव्हन आणि पार्ट कॅमेऱ्यानं तपासणारं टेबलावरचं एओआय. आजवर आमच्याकडं एलईडी दिव्यांचे बोर्ड चालायचे, सगळे शिशाच्या पेस्टवर. २०२४ च्या जूनमध्ये पहिल्यांदा लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाच्या पेस्टचं, काम आलं. शेतीपंपाच्या मोबाइल स्टार्टरचे २००० बोर्ड, एका पॅनेलमध्ये चार जोडलेले, म्हणजे ५०० पॅनेलं. बोर्डावर ०६०३ या बारीक साइजचे रेझिस्टर-कपॅसिटर, दर अर्ध्या मिलिमीटरला एक पाय असा ४८ पायांचा मायक्रोकंट्रोलर, सिम होल्डर आणि मोबाइल नेटवर्कशी जोडणारं एक जीएसएम मॉड्यूल.

माझं माहेर जुन्नर तालुक्यात. थ्री फेज लाइट रात्रीची असली की भाऊ बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, आणि आमच्या भागात उसात बिबट्या असतो. हा स्टार्टर असला की घरून फोन लावून पंप चालू करता येतो. त्यामुळं या बोर्डावर मी जरा जास्तच जीव लावला. लेड-फ्रीवर पहिल्यांदा जाणाऱ्या छोट्या लाइनला उपयोग व्हावा म्हणून रोजच्या वहीतलं इथं उतरवते आहे.

८ जून २०२४, शनिवार

माल आला. अख्खी शिफ्ट किट तपासण्यात गेली. ३१ प्रकारचे पार्ट. सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. १०० नॅनोचा आणि १ मायक्रोचा शेजारी ठेवले तर दोन्ही तपकिरी, दोन्ही तेवढेच. रिळावरचं लेबल चुकलं की संपलं. म्हणून प्रत्येक रिळाचे तीन पार्ट काढून पार्टची किंमत मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर मोजले आणि आकडा रिळावरच मार्करनं लिहिला. दोन तास गेले, पण हे तास वाचवू नयेत.

मॉड्यूलची आठ रिळं, प्रत्येकी २५०, वर ५० ची कापलेली पट्टी. सगळी व्हॅक्यूम बॅगेत. बॅगेवर एमएसएल ३ (ओल धरण्याचा वर्ग) लिहिलंय, म्हणजे बॅग फोडल्यापासून १६८ तासांत ओव्हनमधून गेलं पाहिजे, तेही हॉल ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत असेल तर. एक बॅग हाताला सैल लागली. बाजूला काढून ठेवली.

९ जून, रविवार

आमची सुट्टी गुरुवारची, रविवारी कंपनी चालू. बाहेर पाऊस.

आज मशीनवर एकही बोर्ड चालला नाही, दिवसभर साफसफाई. शिशाचा कण लेड-फ्रीमध्ये जाता कामा नये. पेस्ट ओढायची नवीन स्क्वीजी, नवीन स्पॅच्युला, रीवर्कच्या (दुरुस्तीच्या) टेबलावर सोल्डरिंगची वेगळी इस्त्री आणि वेगळे बिट. सगळ्यांवर हिरवी टेप गुंडाळली. जुनं सामान कपाटात घालून कुलूप लावलं आणि चावी सुपरवायझर सरांकडं दिली. समोर पडलेलं असलं की घाईत हात तिकडंच जातो.

मशीनला पार्टची टेप पुरवणारे ३१ फीडर भरायला साडेतीन तास लागले. दोन फीडरचे दात झिजलेले निघाले, टेप मध्येच अडकत होती. बदलले.

१० जून, सोमवार

पहिला दिवसच वाया गेला.

पेस्ट फ्रिजमध्ये २ ते १० अंशांत असते. डबा बाहेर काढल्यावर झाकण न उघडता चार तास तसाच ठेवायचा, हॉलच्या तापमानाला आला की मग उघडायचा. आमची शिफ्ट ७ ला सुरू होते, म्हणजे डबा पहाटे ३ ला निघायला हवा. शनिवारी बोलणं झालं होतं, पण नक्की कोणी काढायचा हे ठरलंच नव्हतं. सकाळी बघते तर डबा फ्रिजमध्येच. नऊच्या सुमारास ऑफिसमधून दोनदा विचारणा झाली, पहिलं पॅनेल कधी दाखवणार. मी डबा ओव्हनच्या वरच्या पत्र्यावर तासभर ठेवला आणि उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं. ते दिसत असूनही मी पेस्ट स्टेन्सिलवर, म्हणजे पेस्ट छापायच्या भोकांच्या पत्र्यावर, घातली.

ओव्हनमधून निघालेल्या पॅनेलवर प्रत्येक रेझिस्टरच्या कडेला सोल्डरचे बारीक गोळे. खसखस सांडावी तसे. पेस्टमध्ये पाणी गेलं की ते ओव्हनमध्ये तडतडतं आणि सोल्डर उडतं. ५०० ग्रॅमचा डबा ₹५,२०० चा, उघडला तो फेकला. तीन पॅनेलं ब्रश आणि आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) धुवायला दोघींना दुपार लागली.

आता डब्यावर काढल्याची वेळ आणि उघडायची वेळ, दोन्ही चिठ्ठीवर लिहितो. पहाटे ३ ला डबा गेटवरचे वॉचमन काका काढून ठेवतात आणि तक्त्यावर सही करतात. त्यांना फ्रिज दाखवला, कशासाठी ते सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, मी तसाही जागाच असतो." पुढच्या २३ दिवसांत त्यांच्याकडून एकदाही चूक झाली नाही.

११-१२ जून

ओव्हनची प्रोफाइल, म्हणजे पॅनेल किती वेळ किती तापेल ते बसवणं. शिशाची पेस्ट १८३ अंशांना वितळायची. ही ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं. वितळते २१७ ते २२० ला. जुन्या सेटिंगवर ३४ अंश वाढवले की झालं, असं होत नाही, कारण वरच्या बाजूला जागाच कमी उरते. सिम होल्डरचं प्लास्टिक २५० च्या पुढं नको म्हणतं.

एका पॅनेलला तीन थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) लावले: मॉड्यूलच्या पायाशी, कंट्रोलरच्या पायाशी आणि कडेच्या एका रेझिस्टरला. पहिल्या फेरीत मॉड्यूल २५८ दाखवायला लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ओव्हन थांबवून पाहिलं तर पिवळी टेप सुटून तारेचं टोक हवेत उभं होतं. मोजत होतो ती गरम हवा. टेपवर भरवसा ठेवू नका. टोक जास्त तापमानाच्या सोल्डरनं डकवा, वर टेप फक्त तार धरायला.

चौथ्या फेरीला जमलं. पॅनेल पुढं नेणारा ओव्हनचा पट्टा मिनिटाला ७५ सेंटिमीटर, कडेचा रेझिस्टर २४५, मॉड्यूल २३६, आणि मॉड्यूलच्या पायाशी २१७ च्या वरचा वेळ ५८ सेकंद. या खटपटीत दोन पॅनेलं भाजून गेली, ती भंगारात.

१४ जून, शुक्रवार

५० पॅनेलं काढली. स्टेन्सिल ०.१२ मिलिमीटरची, दर आठ प्रिंटला खालून पुसायची. एओआयनं किरकोळ दोष दाखवले. तीन रेझिस्टर उभे राहिले होते, तिन्ही एकाच जागचे. तिथला एक पॅड (पार्ट सोल्डर होतो ती तांब्याची जागा) मोठ्या ग्राउंडच्या तांब्याला जोडलेला आहे, तो उशिरा तापतो, तोवर दुसऱ्या बाजूचं सोल्डर वितळून पार्टला ओढून उभं करतं. २१७ च्या आधी पॅनेल १५ सेकंद जास्त मुरू दिलं, पुढं एकही उभा राहिला नाही.

खूश होऊन घरी गेले. संध्याकाळी टेस्टिंगच्या मॅडमचा फोन: २०० पैकी २३ बोर्ड सिम ओळखत नाहीत.

१५-१६ जून

या दोन दिवसांची नोंद लिहायला जड जातंय, पण याचसाठी तर वही ठेवली.

फेल झालेला बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. मॉड्यूलच्या कडेला अर्ध्या भोकांसारखे पाय असतात, त्यांत सोल्डर चढलेलं दिसायला हवं. एका टोकाच्या चार पायांशी सोल्डर खाली पॅडवर चकचकीत बसलेलं, वर पाय कोरडा, मध्ये केसाएवढी फट. नेमक्या तिथंच सिमच्या तारा. बोटानं मॉड्यूल दाबून धरलं की सिम सापडायचं, सोडलं की गायब.

सगळ्यांचं एकमत झालं: मॉड्यूल जड आहे, उष्णता कमी पडते, तापमान वाढवा. मलाही तेच पटलं. शेवटचे दोन झोन आठ-आठ अंशांनी वाढवले, पट्टा ७० वर आणला. ५० पॅनेलं आणखी काढली. २०० पैकी ३१ फेल. वर ४० सिम होल्डरांचं प्लास्टिक वाकलं, सिम आत जाईना. ते सगळे हॉट एअरनं काढून नवीन लावले. होल्डर ₹९ चा, पण एकामागं सहा मिनिटं.

तापमान वाढवून दोष कमी व्हायच्या ऐवजी वाढला, तिथंच थांबायला हवं होतं. त्याऐवजी रविवारी दुपारी आम्ही अजून चार अंश वाढवायचं बोलत होतो. क्वालिटीच्या मॅडमनी एकच गोष्ट विचारली: "फेल झालेले बोर्ड पॅनेलमधल्या कुठल्या घरातले?"

कोणालाच सांगता येईना. टेस्टिंगच्या आधी पॅनेल तोडून बोर्ड सुटे करतात, सगळे एका क्रेटमध्ये. ४०० बोर्ड टेस्ट झाले होते आणि त्यातला एकही कुठून आला ते माहीत नव्हतं.

१७ जून, सोमवार

तापमान परत १२ तारखेच्या आकड्यांवर. प्रत्येक पॅनेलवर ओव्हनमध्ये जायच्या आधी पांढऱ्या मार्करनं ठिपके घातले: पहिल्या घराला एक, दुसऱ्याला दोन, असं चारपर्यंत. उष्णतेत टिकतो का ते आधी एका रिकाम्या पॅनेलवर पाहिलं. २५ पॅनेलं, १०० बोर्ड. १ आणि २ नंबरची घरं पुढच्या रेलकडं, ३ आणि ४ मागच्या रेलकडं.

संध्याकाळी थांबून टेस्टिंगच्या टेबलाजवळच बसले. १४ फेल. त्यांतले १३ तीन आणि चार नंबरच्या घरांतले.

१८ जून, मंगळवार

तीन-चारमध्ये वेगळं काय आहे? पेस्ट तीच, पार्ट तेच, ओव्हन तोच. पॅनेल हातात धरून बघत राहिले. चारही बोर्ड एकाच दिशेनं मांडलेले आहेत. त्यामुळं १ आणि २ मधलं मॉड्यूल रेलच्या जवळ येतं, आणि ३ आणि ४ मधलं येतं पॅनेलच्या मधोमध, तोडायच्या खाचेला लागून.

ओव्हनमध्ये पॅनेल फक्त दोन कडांवर टेकलेलं असतं. मध्ये खाली काहीच नाही, आणि मधोमध ही खाच, तिथं पीसीबीची जाडी एक तृतीयांशच उरलेली. पीसीबी १४० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. २४० ला तो ओल्या पापडासारखा मध्ये झोळ धरतो. मॉड्यूल मात्र ताठच. त्याचं टोक वर राहतं, पॅड खाली जातो, आणि पातळ पेस्टचा थर ती फट भरू शकत नाही. थंड झाल्यावर पॅनेल बरंचसं सरळ होतं, म्हणून टेबलावर काही दिसत नाही.

तापमान वाढवलं आणि पट्टा मंद केला तेव्हा झोळ वाढला. म्हणून २३ चे ३१.

खात्री करायला ओव्हनच्या तोंडाशी उभी राहिले, पॅनेल बाहेर येताक्षणी रेलवर सरळ स्टीलची पट्टी आडवी धरली आणि खाचेपाशी फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला. १.३ मिलिमीटर. हातमोजा घालूनही बोटांना चटके बसले, पण आकडा हातात आला.

१९ जून, बुधवार

इलाज काय? पॅनेलला खालून आधार देणारे पॅलेट बाहेरून करून घ्यायचे तर एकाला ₹२,२०० आणि आठ दिवस. पॅनेल आडवं फिरवून बघावं म्हटलं तर दुसऱ्या दोन बाजूंना रेलवर टेकायला रिकामी पट्टीच ठेवलेली नाही.

मेंटेनन्सच्या दादांना झोळ दाखवला. ते काही न बोलता गेले आणि तासाभरानं ॲल्युमिनियमच्या यू चॅनलचे दोन तुकडे घेऊन आले, पॅनेलच्या रेलवर न टेकणाऱ्या दोन कडांना घट्ट बसतील असे. खाच त्या दोन कडांपर्यंत जाते, तिथं ती दोन्हीकडून धरली गेली. ओव्हनमधून काढलं, गेज लावला: ०.४. लांडेवाडीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणखी चॅनल आणलं, १६ पट्ट्या कापून कडा घासल्या. खर्च ₹६४०.

पट्ट्यांनी उष्णता खाल्ली, कडेचा रेझिस्टर चार अंशांनी उतरला. प्रोफाइल पुन्हा तपासली, चालण्यासारखी होती. इथून पुढं एका वेळी एकच बदल, असं ठरवलं. फक्त पट्ट्या लावून १० पॅनेलं काढली: ४० पैकी २ फेल.

उरलेल्या दोनसाठी पेस्टच कमी आहे हे उघड होतं. मॉड्यूलला जाड स्टेन्सिल हवी आणि कंट्रोलरच्या बारीक पायांना पातळ. एकाच स्टेन्सिलमध्ये दोन जाड्या करून मिळतात, पण महाग आणि वेळखाऊ. त्याऐवजी जाडी तीच ठेवून मॉड्यूलच्या खिडक्या (स्टेन्सिलमधली भोकं) बाहेरच्या अंगाला अर्धा मिलिमीटर लांबवून नवीन स्टेन्सिल सांगितली. वितळल्यावर सोल्डर पॅडकडंच ओढलं जातं, तेव्हा बाहेर छापलेली पेस्टही जॉइंटला मिळते. ₹४,८००, तीन दिवसांत.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. आमच्या शिफ्टला सातपैकी पाच बायका. दुपारच्या सुट्टीत गेटाजवळच्या वडाला सूत गुंडाळून आलो. नवीन लागलेली मुलगी सकाळी हातभर हिरव्या बांगड्या आणि नायलॉनची साडी घालून आली होती. सणाच्या दिवशी तिला बांगड्या काढ म्हणवेना. पण मनगटाचा पट्टा बांगड्यांवरून बांधला तर त्वचेला लागत नाही. टेस्टरवर उभी राहिली तर लाल दिवा. पट्टा कातडीला टेकला तरच अंगातला स्टॅटिक एक मेगाओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीत जातो.

बांगड्या कोपराकडं सरकवून वर ॲप्रनच्या बाहीचं बटण लावलं, पट्टा मनगटावर उघड्या कातडीला बांधला. हिरवा दिवा. नायलॉनचा पदर मात्र ॲप्रनच्या आत पूर्ण खोचायला लावला. फिरत्या मशीनजवळ तिला उभं केलं नाही, रीवर्कच्या टेबलावर बसवलं. बोर्डावर स्टॅटिकचा फटका बसला तर दिसत नाही, टेस्टिंगला पासही होतो, आणि मग शेतात महिन्याभरानं मरतो.

२२ जून, शनिवार

आज माझ्या अर्धवट चिठ्ठीमुळं नुकसान झालं.

८ तारखेची सैल बॅग उघडली. आतल्या आर्द्रता दाखवणाऱ्या कार्डावरचा १० टक्क्यांचा ठिपकाही गुलाबी झालेला, म्हणजे मॉड्यूलनं ओल धरली आहे, भाजून कोरडं केल्याशिवाय लावायचं नाही. मी चिठ्ठी लिहिली, "मॉड्यूल बेक करा", आणि लाइनवर गेले. स्टोअरमधल्या मुलानं नेहमीप्रमाणं बेकिंग ओव्हन १२५ वर लावून अख्खं रीळ आत ठेवलं. आमच्याकडं ट्रेवरच्या आयसी तशाच भाजतात, त्याला दुसरं ठाऊक नव्हतं. ४० मिनिटांनी प्लास्टिकचा वास आला. टेप आक्रसून वेटोळी झालेली.

मॉड्यूलं वाचली, टेप गेली. २५० मॉड्यूलं चिमट्यानं एकेक काढून ॲल्युमिनियमच्या ट्रेवर मांडली आणि त्यांच्या कागदात लिहिल्याप्रमाणं १२० अंशांना आठ तास भाजली. आता ती फीडरमध्ये जाणार नाहीत. ६२ पॅनेलांवर मॉड्यूल व्हॅक्यूम पेननं हातानं ठेवावं लागलं, माणूस अडकला तो दोन दिवस.

मुलाला कोणी बोललं नाही, सुपरवायझर सरांना मी आधीच सांगितलं की चिठ्ठी माझी होती. आता बेकिंगच्या चिठ्ठीवर चार रकाने आहेत: काय, कशात ठेवून, किती अंश, किती तास. एकही रिकामा असेल तर स्टोअरनं परत पाठवायची.

२३ जून, रविवार

नवीन स्टेन्सिल आणि पट्ट्या दोन्ही लावून ४० पॅनेलं. १६० बोर्ड, सिमचा एकही फेल नाही. आकडा ऐकून मी टेस्टिंगच्या मॅडमना पुन्हा एकदा मोजायला लावलं.

२५ जून, मंगळवार

ओव्हरटाइमचा दहावा तास. १० के (किलोओहम) रेझिस्टरच्या रिळाची टेप संपत आली होती, मशीन न थांबवता नवीन रीळ जोडलं. पितळी क्लिप, पिवळी टेप, नेहमीचा हात. जोडलं ते १०० के चं. ०६०३ वर आकडा छापलेला असतो, एकावर १०३, दुसऱ्यावर १०४. पण तो भिंगातून बघावा लागतो आणि मी तो पाहिलाच नाही. एओआय पार्ट जागेवर आहे का तेवढंच बघतं, आकडा वाचत नाही.

१४ पॅनेलं गेली. टेस्टिंगला व्होल्टेज चुकीचं दिसलं तेव्हा कळलं. ५६ बोर्ड, प्रत्येकावर दोन रेझिस्टर. दोन इस्त्र्या दोन टोकांना एकदम टेकवायच्या, पार्ट तरंगला की उचलायचा, विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीनं) पॅड साफ करायचा, फ्लक्स, नवीन पार्ट. तीन बोर्डांचे पॅड उखडले. लेड-फ्रीला इस्त्री ३७० च्या आसपास लागते आणि हात जरा रेंगाळला की तांबं सुटतं. ११२ रेझिस्टर मी स्वतः बदलले, दुसऱ्या दिवशी पूर्ण शिफ्ट.

तेव्हापासून रीळ जोडताना दोघी लागतात. एकजण नव्या रिळावरचा नंबर मोठ्यानं वाचते, दुसरी फीडरच्या यादीत बोट ठेवून जुळवते, मग जोडापुढचा पहिला पार्ट मीटरवर मोजतात आणि दोघी सही करतात. दीड मिनिट लागतं. आठ तासांनंतर रीळ बदलायचं काम ओव्हरटाइमवाल्या बाईला द्यायचं नाही, हेही मी सरांकडून मान्य करून घेतलं.

२९-३० जून

शनिवारी माउलींच्या पालखीचं आळंदीतून प्रस्थान, रविवारी पालखी पुण्याकडं. दिघीकडचे रस्ते बंद, दोघीजणी वारीला गेलेल्या, तिघांना बस मिळाली नाही. उरलेल्यांत लाइन चालवली. प्रिंटर आणि प्लेसमेंट मी एकटीनं बघितलं, त्यामुळं तासाला १५ ऐवजी ८ पॅनेलं.

रविवारी सव्वाअकराला लाइट गेली. ओव्हनच्या पट्ट्याला यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी मेलेली निघाली. हीटर बंद झाले तरी आतली हवा गरमच असते, पॅनेलं आतच भाजत राहतात. ओव्हनच्या बाजूला पट्टा हातानं फिरवायचं हँडल असतं. ते कपाटामागं पडलेलं, सापडायला चार मिनिटं लागली. आतल्या चारपैकी दोन पॅनेलं वाचली, दोन करपली. मॉड्यूलसकट आठ बोर्ड.

हँडल आता ओव्हनलाच साखळीनं बांधलंय. बॅटरीची मागणी दिली आहे.

३ जुलै, बुधवार

शेवटची २४० बोर्डांची खेप दुपारी साडेतीनला गेली. २००० पूर्ण. ३० जूनला द्यायचे होते, तीन दिवस उशीर. जादा आलेल्या पॅनेलांपैकी सात वापरावी लागली. २७ बोर्ड भंगारात, एक टेस्टिंगच्या टेबलावर नमुना म्हणून. आधी फेल झालेले सिमचे बोर्ड फ्लक्स लावून इस्त्रीनं एकेक जॉइंट देऊन दुरुस्त केले, नंतर ते पुन्हा टेस्टिंगमधून आणि दोन तास चालू ठेवून मगच पाठवले.

खर्चाचा हिशेब, नुसत्या चुकांचा: पेस्टचा डबा ₹५,२००, सिम होल्डर ₹३६०, स्टेन्सिल ₹४,८००, चॅनल ₹६४०. भंगारातले बोर्ड आणि ओव्हरटाइम यात नाही. वेळेचा सगळ्यात मोठा खड्डा १५ आणि १६ तारखेचा. पहिल्याच दिवशी पॅनेलवर ठिपके घातले असते तर तो पडला नसता.

काम देणाऱ्या पार्टीला दोन गोष्टी लिहून कळवायला सांगितल्या आहेत. पुढच्या लॉटला खाच कमी खोल करा, आणि ३-४ नंबरचे बोर्ड पॅनेलमध्ये उलटे फिरवून मांडा, म्हणजे चारही मॉड्यूलं रेलकडं येतील. दुसऱ्या गोष्टीला त्यांचा एक पैसाही लागणार नाही.

उद्या गुरुवार, लाइन बंद. स्टेन्सिल धुवून, सुकवून फडताळात उभी ठेवली. १६ पट्ट्या मोजून डब्यात भरल्या, डब्यावर बोर्डाचं नाव लिहिलं. पुढचा लॉट ५०० चा, शुक्रवारी सुरू. वॉचमन काकांना सांगून आले: शुक्रवारी पहाटे ३ ला एक डबा.